लोण्याचा वास

झाकणावरची अक्षरं पुसट झाली होती, तरी ग्लेनिसच्या हाताचं वळण ओळखू येत होतं — जर्दाळू, आणि त्याखाली कुठलं तरी साल, त्यातला शेवटचा आकडा गरम पाण्याने केव्हाच नेलेला… गार्थने बरणी खिडकीच्या उजेडात धरली. आत जर्दाळू नव्हते. अर्धी बरणी घरी केलेली लागर बिअर होती, फिक्या पिवळ्या रंगाची, अजून जराशी गढूळ. पलीकडे ओट्यावर तेवढीच भरलेली दुसरी बरणी होती, तिच्या झाकणावर लिंबू. जर्दाळूला ताप आणायचा आणि लिंबाला हात लावायचा नाही, हे गेली सदतीस वर्षं चालत आलं होतं, आणि आजही त्याच्या हाताने त्याला न विचारताच किटलीतलं पाणी पातेल्यात ओतलं, जर्दाळूची बरणी त्यात उभी केली, आणि मग त्याने घड्याळाकडे पाहिलं. वीस मिनिटं. दोनेक मिनिटं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आज याची काही गरजच नव्हती.

गरज नव्हती, कारण यीस्टच्या पाकिटावर तसं स्वच्छ छापलं होतं. मागच्या शेडमधल्या जुन्या फ्रिजच्या दारावर ते रिकामं पाकीट त्याने चुंबकाखाली अडकवून ठेवलं होतं, आणि या नऊ दिवसांत ते इतक्या वेळा वाचलं होतं की डोळे मिटूनही म्हणून दाखवलं असतं. फार थंडी लागत नाही. आठवड्याभरात आंबवून मोकळं होतं. कुजक्या अंड्यांचा वास येत नाही. लोण्याचा वास येत नाही. थेट बाटल्यांत भरा.

पाकीट केल्विनने दिलं होतं. केल्विन म्हणजे काडिना गावात घरच्या घरी बिअर करणाऱ्यांच्या मंडळाचा अध्यक्ष, जन्मभर नळ दुरुस्त केलेला माणूस, आणि आवाज असा की रस्त्यापलीकडून बोलला तरी शेजारच्या खोलीत बसल्यासारखा वाटावा. «घे म्हाताऱ्या,» तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, «खास तुझ्या नाकासाठी आणलंय. दोन जातींच्या यीस्टचं लग्न लावलंय लोकांनी, एक थंडीतली, एक उबेतली. आणि नांदतायत बघ कशी! भांडण नाही, रुसवा नाही, घाण वास नाही. आहे का आपल्यापैकी कुणाच्या घरी असं?»

सगळे हसले. मग एकेकाला गार्थच्या घरची गोष्ट आठवली, आणि कुणीतरी घाईघाईने शनिवारच्या फुटबॉलचा विषय काढला. गार्थने पाकीट शर्टाच्या खिशात टाकलं. त्याला राग आला नव्हता. खरं म्हणजे त्याला बरंच वाटलं होतं, आता कुणाच्या नाकावाचून आपलं अडणार नाही असं काहीतरी… आणि घरी येईपर्यंत ते बरं वाटणं कुठे गेलं ते कळलंच नाही.

तसं त्याचं नाक वाईट नव्हतं. वॉलरूच्या बंदरावरच्या धान्याच्या कोठारांत त्याने एकतीस वर्षं सातू तपासण्यात घालवली होती. ट्रकवर चढायचं, लांब नळी खुपसायची, मूठभर दाणे हातावर घेऊन हुंगायचे. ओल लागलेली, बुरशी धरलेली, उंदरांनी फिरवलेली खेप तो चाळणीआधी सांगायचा, आणि शेतकरी शिव्या देत का होईना, मान्य करायचे. पण लोण्याचा वास मात्र त्याला येत नसे. जन्मापासूनच येत नसावा. लोणी म्हणजे काहीतरी खारट, तुळतुळीत, पावावरून ओघळणारं, एवढंच त्याला माहीत. लग्नाआधी ग्लेनिसला घेऊन तो सिनेमाला गेला होता तेव्हा ती मक्याच्या लाह्यांच्या पुडीत तोंड घालून म्हणाली होती, «अहाहा, नुसता वासच खावा!» — आणि तोही अहाहा म्हणाला होता, काय म्हणतोय ते न कळता.

कळलं ते पहिल्या लागरच्या वेळी. लागर हा सावकाशीचा मामला. थंडीत ठेवायची, आठवडेच्या आठवडे, शेडमध्ये कुजक्या अंड्यांची दुर्गंधी सुटते ती सोसायची, आणि शेवटी यीस्टने स्वतःच केलेला लोण्याचा वास स्वतःच खाऊन टाकेपर्यंत धीर धरायचा. त्याने धीर धरला नाही. वास गेलाय असं त्याला वाटलं, कारण तो त्याच्यापुरता आलाच नव्हता. चाळीस बाटल्या भरल्या, मित्रांना वाटल्या, सगळे सभ्यपणे प्यायले. ग्लेनिसने एक घोट घेतला आणि ती म्हणाली, «गार्थ, ही बिअर नाहीये रे. ही सिनेमाची पुडी आहे.»

तेव्हापासून दोन बरण्या. पिंपातली लागर दोन्हींत घ्यायची, एकीला गरम पाण्यात ताप आणायचा, लपून बसलेलं लोणी असेल तर ते तापाने बाहेर येतं. मग तिला निववून दोन्ही ग्लेनिसपुढे ठेवायच्या. ती घरातल्या सपाता घालून शेडमध्ये यायची, हात ॲप्रनला पुसायची, डोळे मिटायची. आधी लिंबू, मग जर्दाळू, मग पुन्हा लिंबू. «लोणी,» म्हणाली की आणखी चार दिवस थांबायचं. «झालं,» म्हणाली की बाटल्या. चौतीस वर्षं. मुलगी जन्मली, वाढली, पर्थला निघून गेली, तो निवृत्त झाला, आणि वर्षातून दोनदा ग्लेनिस शेडमध्ये येऊन डोळे मिटून उभी राहायची, आणि तो बरण्यांकडे बघत बसायचा.

बरण्यांकडे! मी बरण्यांकडे का बघत होतो? डोळे मिटलेली बायको हातभर अंतरावर उभी, आणि मी काचेतला फेस मोजतोय…

तीन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, ती घर सोडून वॉलरूला राहायला गेली. भांडण झालं नव्हतं, दुसरं कुणी आलं नव्हतं. जेवणाच्या टेबलावर, हातातला काटा खाली ठेवून, आज कचऱ्याची गाडी आली नाही हे सांगावं तशा आवाजात ती म्हणाली, «तुला माझं नाक लागतं, गार्थ. बाकीची मी कुठे ठेवू?» आणि त्याने — हे आठवलं की अजूनही त्याच्या कानशिलांवर ऊन चढल्यासारखं होई — त्याने विचारलं होतं, «म्हणजे?»

वीस मिनिटं झाली. त्याने जर्दाळूची बरणी काढून गार पाण्यात ठेवली. रविवारची सकाळ होती, समोरच्या घरात गवत कापायचं यंत्र चालू होतं. शेडमध्ये कसलाच वास नव्हता. हे त्याला नऊ दिवस खटकत होतं. जुनं यीस्ट असतं तर आत शिरताच नाक मुरडावं लागलं असतं, फ्रिजच्या फटीतून अंडी कुजल्यासारखी दुर्गंधी आणि त्याखाली सातूचा गोड वास, आणि ग्लेनिसचं स्वयंपाकघरातून ओरडणं, «मेलंय का काय आत?» आता नुसतं पिंप. शहाणं, मुकं, आपलं काम करून मोकळं झालेलं. साखर किती उरलीय ते दाखवणारा तरंगता काटा दोन दिवस एकाच रेघेवर उभा होता. बाटल्या धुऊन उलट्या घातलेल्या होत्या. दुपारपर्यंत भरून झाल्या असत्या, आणि मग वॉलरूला जायचं काहीच कारण उरलं नसतं.

कारण हेच तर एक कारण होतं. ती गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तो दोन बरण्या घेऊन तिच्या दाराशी उभा राहिला होता. तिने जाळीचं दार उघडलं, बरण्यांकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, «केल्विनला विचारलं असतं, पण तो विड्या ओढतो.» तिने उंबऱ्यातच उभं राहून हुंगलं आणि ती म्हणाली, «लोणी. चार दिवसांनी ये.» चार दिवसांनी तो पुन्हा गेला. «झालं,» म्हणाली. पुढच्या खेपेलाही तसंच, त्याच्या पुढच्याही. आत ये असं ती कधी म्हणाली नाही, त्यानेही विचारलं नाही. वर्षातून दोन लागर, दर लागरला दोन फेऱ्या, एवढं त्याचं उरलेलं लग्न होतं. आणि ते त्याने सगळ्यांदेखत शर्टाच्या खिशात घातलेल्या एका पाकिटाने संपवलं होतं.

दुसरं पाकीट वापरता आलं असतं की. जुनं होतं कपाटात. पण त्याला करून बघायचं होतं… काय बघायचं होतं? की आपण एकट्याने एक लागर नीट पुरी करू शकतो. की तिला कधीतरी सहज सांगता येईल, अगं, आता तुला त्रास नको. हे वाक्य त्याने मनात इतकं घोळवलं होतं की त्यातला पोकळपणा त्याला आता कुठे ऐकू येऊ लागला होता.

आणि त्यातही त्याच्याकडून एक घोळ झाला होता, जो त्याने केल्विनला सांगितला नव्हता. यीस्ट टाकलं त्या दिवशी त्याने सवयीने फ्रिजचा काटा दहा अंशांवर ठेवला. जुन्या यीस्टला दहा लागतं, सदतीस वर्षं तो दहावरच ठेवत आलेला; पाकिटावर पंधराच्या वर असं ढळढळीत लिहिलेलं असूनही हाताने आपलं तेच केलं. दोन दिवस पिंपाच्या नळीत एक बुडबुडा नाही. तिसऱ्या दिवशी केल्विनचा फोन, «काय, नवरा-नवरी बोलायला लागले का?» — तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, त्याने काटा सोळावर नेला, आणि संध्याकाळी नळी गुडगुडू लागली. तेव्हा थंडीने आखडलेल्या त्या दोन दिवसांत काही लोणी राहिलंही असेल. पाकीट म्हणतं तसं वागवलं तरच पाकीट खरं. असंही असू शकतं. असावं, असं त्याला वाटत होतं, आणि लागर बिघडली असावी असं वाटणारा तो जगातला पहिलाच माणूस असेल.

त्याने दोन्ही बरण्यांची झाकणं घट्ट केली, त्या गाडीत शेजारच्या सीटवर ठेवल्या, आणि नेहमीप्रमाणे त्यांना पट्टा बांधला.

काडिनाहून वॉलरूला जायला दहा मिनिटं लागतात. दोन्ही बाजूंना सातू कमरेला आला होता, कणसं भरत आली होती. कोठारं लांबूनच दिसली, मग पाइनची झाडं, मग समुद्राचा एक तुकडा. तो वाक्यं जुळवत होता. ग्लेन, एकदा बघतेस का, खात्रीसाठी. — हे खोटं. ग्लेन, केल्विन म्हणतो गरज नाही, पण मला तुझ्यावर जास्त भरवसा. — हे पुन्हा नाकच. ग्लेन, मला तुझं नाक लागत नाही. — हे खरं, पण दारात उभं राहून असं बोललं तर ती दार लावून घेईल. पुढचं वाक्य त्याला सुचत होतं, पण त्याच्या तोंडात ते बसत नव्हतं. अडुसष्ट वर्षांच्या माणसाच्या तोंडात काही वाक्यं बसतच नाहीत.

तिने दार उघडलं तेव्हा तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले होते. आतून कांद्याचा आणि मिरीचा वास आला. रविवारी ती पेस्ट्या करायची, आत मांस, बटाटा आणि सलगम भरलेल्या, कडेला मुरड घातलेल्या. त्या त्याने तीन वर्षांत खाल्ल्या नव्हत्या.

«इतक्यात?» ती म्हणाली. «मागची तर मे महिन्यात झाली.»

तिला महिना आठवतो, हे त्याने बाजूला ठेवून दिलं, नंतर बघायला.

«नऊ दिवसांची आहे,» तो म्हणाला.

«नऊ? नऊ दिवसांत तुझं शर्टाचं बटण लावून होत नाही.»

«नवं यीस्ट आहे. केल्विनने दिलं.» त्याने बरण्या जरा वर धरल्या. आता खोटं बोलता आलं असतं, जुनंच आहे म्हणता आलं असतं… «यात लोणी होत नाही म्हणतात. म्हणजे बघायची गरज नाही, तसं पाहिलं तर.»

«मग आणलीस कशाला?»

समुद्राकडून वारा आला, जाळीचं दार तिच्या कोपरावर हलकेच आपटलं. तिने ते कोपरानेच ढकलून धरलं होतं. सगळी वाक्यं काडिनाच्या रस्त्यावर सांडून गेली होती.

«अशीच,» तो म्हणाला.

ग्लेनिस त्याच्याकडे बघत राहिली. चष्मा नाकावर घसरला होता, पिठाच्या हातांनी तो वर करता येत नव्हता.

«ताप आणलायस?»

«आणलाय.»

«गरज नसताना?»

«हात ऐकत नाही.»

ती हसली का? ओठांच्या एका कोपऱ्यात काहीतरी हललं एवढं खरं. «माझे हात असे आहेत,» ती म्हणाली. «तूच धर.»

त्याने लिंबाचं झाकण काढलं आणि बरणी तिच्या नाकाखाली धरली. सदतीस वर्षांत त्याने बरणी कधी धरली नव्हती. ती नेहमी स्वतः उचलून घ्यायची. तिने डोळे मिटले, आणि त्याला बरणीकडे बघता येईना, कारण बरणी तिच्या चेहऱ्याच्या इतकी जवळ होती की चेहरा टाळायचा म्हटलं तर मान वळवावी लागली असती. पापण्या पातळ झाल्या होत्या. डाव्या भुवईत एकच पांढरा केस उभा होता. श्वास आत गेला तेव्हा नाकपुड्यांच्या कडा किंचित आखडल्या, आणि बाहेर आला तेव्हा तो त्याच्या बोटांवर आला, उबदार… ही अशी दिसते हुंगताना. इतकी लक्ष देऊन. इतकी गंभीर. आणि एवढं सगळं माझ्या एका पिंपासाठी, दरवेळी, आणि मी फेस मोजत होतो.

मग जर्दाळू. मग पुन्हा लिंबू. मग — हे तिने आजवर कधी केलं नव्हतं — पुन्हा जर्दाळू, आणि या वेळी ती बराच वेळ थांबली. बरणीच्या काचेला तिच्या हनुवटीचं पीठ लागलं.

«लोणी,» ती डोळे न उघडताच म्हणाली.

«आहे?»

«किंचित. पण आहे.» तिने डोळे उघडले आणि नजर लगेच त्याच्या खांद्यावरून पलीकडे, बंदराच्या धक्क्याकडे वळवली. «गुरुवारी ये.»

«गुरुवारी तुझं दुकान असतं.» चर्चच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात ती दोन दिवस बसायची.

«दुपारनंतर नसतं,» ती म्हणाली. «आणि त्या जर्दाळूचं झाकण बदल, गंजलंय.» मग ती आत गेली, आणि जाळीचं दार मागे हेलकावत, आपटत आपलं आपण बंद झालं.

धक्क्याजवळ त्याने गाडी थांबवली. पट्टा सोडला, दोन्ही झाकणं काढली, आधी लिंबू, मग जर्दाळू, डोळे मिटून, तिच्यासारखे. पाव, भिजलेला सातू, हॉप्सच्या फुलांचा जरासा गवती कडूपणा. जर्दाळूत तेच, थोडं उतरलेलं. त्यापलीकडे जे काही असेल किंवा नसेल, ते त्याच्यासाठी कायमचं बंद होतं. ते दोन थंड दिवस खरे होते, ती सांगते ते खरं असू शकत होतं. तिने चौथ्यांदा हुंगलं, तेही उगाच नसेल. पण तिला सगळं सांगितलं होतं, यात लोणी होत नाही म्हणून सांगितलं होतं, आणि तिने नजर वळवली ती का वळवली?

आणि मग तिथे बसल्या बसल्या आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली, आणि त्याने बरण्या मांडीवर ठेवल्या. ती घरात होती तेव्हा बहुतेक वेळा पहिल्याच हुंगण्यात «झालं» म्हणायची. दुसऱ्यांदा बघावं लागे ते क्वचित, एखाद्या वर्षी. वॉलरूला आल्यापासून मात्र एकही लागर पहिल्या फेरीत झाली नव्हती. एकही नाही. दरवेळी लोणी, दरवेळी चार दिवस. फ्रिज जुना झालाय, असं तो समजत आला होता. गेल्या वर्षी त्याने त्याचं रबरसुद्धा बदलून घेतलं होतं.

काडिनात शिरताना केल्विन घरासमोर कॅराव्हॅन धुताना दिसला. गाडी बघून त्याने पाण्याची नळी खाली टाकली आणि रस्त्याच्या कडेला आला.

«भरल्यास का बाटल्या?»

«नाही,» गार्थ म्हणाला. «लोणी आहे अजून.»

«काय बोलतोस! शक्य नाही. कोण म्हणतं?» मग शेजारच्या सीटवर पट्ट्यात बसलेल्या दोन बरण्या त्याला दिसल्या. त्याने खिडकीतून ओला हात आत घातला. «आण बघू. विड्या सोडून दोन महिने झालेत मला. एका मिनिटात सांगतो आहे की नाही ते.»

एका मिनिटात. जन्मभर गार्थला वाटत आलं होतं की एकदा, एकदाच तो वास कसा असतो ते कळावं. इतरांना जे दारातून आत येताच कळतं ते आपल्याला का कळू नये, म्हणून तो स्वतःवर आणि जगावर थोडा थोडा रुसूनच राहिला होता. आणि आता केल्विनचा हात समोर ठिबकत होता, आणि त्याला वाटत होतं की या नाकाला हा एक वास देवाने दिला नाही ते बरंच केलं, आणि दुसऱ्या कुणाच्या नाकानेही तो आत यायला नको.

त्याने जर्दाळूच्या झाकणावर तळवा ठेवला.

«असू दे,» तो म्हणाला. «गुरुवारी बघायचं ठरलंय.»

आणि त्याने गाडी पुढे घेतली. रविवार अजून अर्धासुद्धा झाला नव्हता. सोमवार, मंगळवार, बुधवार… तीन-तीन महिने पिंपाशेजारी न कुरकुरता बसलेला माणूस मी, आणि हे चार दिवस कसे काढायचे, तेच मला समजत नाही.